चौघांच्या डावांतील राजकारण

पत्ते म्हणजे निव्वळ कालहरण, असें मानणाऱ्या गृहस्थांनीं 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाची चौघांची बैठक एकदां अवश्य पाहावी. कौटिल्याच्या षाड्गुण्याचा इतका सोपा पाठ आम्हांस दुसरीकडे आढळला नाहीं.

रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञानें रचिलेला हा खेळ १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. यांत प्रत्येक खेळाडू हा जणूं मांत्रिकच. भूमीचे पत्ते मांडून तो मंत्रबळ मिळवितो आणि तें खर्चून प्राणी व मंत्र पटावर उतरवितो. पत्त्यांचा संच ज्याचा त्यानें आपल्या बुद्धीप्रमाणें जमवावयाचा. दोघांच्या नेहमींच्या डावांत संच निदान ६० पत्त्यांचा व आयुष्य २० गुणांचें. 'कमांडर' हा प्रकार मात्र खेळणाऱ्यांनींच काढिला. त्यांत बहुधा चौघे बसतात. सेनापतीसुद्धां पत्ते बरोबर १००, साध्या भूमीवांचून कोणत्याहि पत्त्याची दुसरी प्रत नाहीं, आणि आयुष्य ४० गुणांचें.

आतां हिशेब पाहा. द्वंद्वांत शत्रूचे २० गुण हरण केले कीं जय. येथें तिघांचे मिळून १२०. म्हणून आरंभापासून चाल करून जाणारा संच पहिल्या शत्रूस लोळवितां लोळवितांच थकतो, व उरलेले दोघे ताजेतवाने राहतात. पत्त्यास पत्ता खर्चून उत्तर देणाऱ्याची गत याहून वाईट. तुमचा एक गेला, शत्रूचा एक गेला. बाकीचे दोघे फुकट श्रीमंत झाले! यासाठीं जाणते खेळाडू सर्वांस एकदम लागू पडणारे पत्ते निवडतात. 'रॅथ ऑफ गॉड' पटावरील झाडून सारे प्राणी नष्ट करितो. 'रिस्टिक स्टडी' तर अस्सल सावकार! प्रतिपक्षी मंत्र टाकतांना मंत्रबळाचा एक दाम अधिक न देईल, तर आपणांस नवा पत्ता ओढावयास मिळतो. आणि येथें कुळें तीन.

जोडपत्त्यांचा मार्ग निराळा. 'डेमॉनिक कन्सल्टेशन'नें आपलाच गठ्ठा रिकामा करावा, आणि 'थासाज ऑरॅकल'नें रिकाम्या गठ्ठ्यावर जय सांगावा. १२० गुणांची गोष्टच उरत नाहीं. बुद्धि खरी; पण सबंध संध्याकाळ मोकळी काढून बसलेल्या इतर तिघांस त्यांत काय सुख? कोणत्या बळाचे संच चालतील, हें आधींच ठरवून बसावें. घरांतले निम्मे तंटे तेवढ्यानें वाचतात.

आमच्या मतें खरी गोडी 'आसन' व 'द्वैधीभाव' यांत आहे. 'प्रॉपगंडा' मांडला कीं तुमच्यावर चालून येणाऱ्या दर प्राण्यामागें दोन दाम मोजावे लागतात. मग शत्रु सहजच शेजाऱ्याकडे वळतो. २०११ सालीं निघालेला 'एड्रिक' हा सेनापति त्याहून धूर्त. तुमच्या प्रतिपक्ष्यावर ज्याच्या प्राण्याचा घाव बसेल, त्याला एक पत्ता बक्षीस! तिघे आपसांत झुंजतात, आणि तुम्ही स्वस्थ.

मात्र अशा संचाचें सारें भांडवल दिलेल्या शब्दावर, आणि शब्द पाळलाच पाहिजे असा खेळाचा नियम नाहीं. आमच्या एका नातवानें थोरल्या बहिणीशीं केलेला तह मोडून एक डाव जिंकला. त्यापुढें सबंध मे महिना प्रत्येक डावांत तिघांचा पहिला घाव त्याच्यावरच पडत असे.