लुनावर डोळा भरताना

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये जंबेरीच्या खुंटाची साल चाकूने अलगद चिरायची, त्या खाचेत नागपुरी संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मुळे जंबेरीची, फळ संत्र्याचे. खुंट कमकुवत निघाला तर डोळा कितीही जातिवंत असो, झाड चार वर्षांत मान टाकते. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावातल्या ज्या पोराला घरची जुनी मोपेड शेडमधून बाहेर काढून तिची ‘डर्ट बाइक’ करायची आहे, त्याच्यापुढचा प्रश्नही खुंटाचाच आहे.

मोपेड मुळात कशासाठी जन्मली? किनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लुना आणली, ती इटलीच्या पियाजिओच्या ‘चाओ’ या गाडीवरून. इंजिन ५० सीसीचे, शिवाय सायकलसारखे पेडल. १९८० मध्ये टीव्हीएस ५० आली आणि मोपेडवर दुसरा माणूस अधिकृतपणे बसू लागला. पुढे एक्सएल आली. खेड्यात मात्र तिच्यावर माणसापेक्षा फवारणीचा पंप, कडब्याची पेंढी आणि संत्र्याचे कॅरेट जास्त बसले. कंपनीने काहीही नाव छापले तरी अनेकांच्या तोंडी ती लुनाच.

डर्ट बाइकचे काम अगदी वेगळे. नाला, ढेकळे, मुरमाचा चढ आणि मधूनच उडी. ‘हिच्यात तेवढा दम कुठाय?’ हा पहिला आक्षेप येतो, आणि नेमका तोच चुकीचा आहे.

हिशेब मांडून पाहू. ७० सीसीच्या टू-स्ट्रोक एक्सएल सुपरची ताकद साधारण साडेतीन अश्वशक्ती, म्हणजे २,६०० वॉट. गाडी आणि चालवणारा मिळून १३० किलो धरले, तर पाच फुटांमागे एक फूट चढणाऱ्या वाटेवर गुरुत्वाकर्षण त्यांना सुमारे २५० न्यूटन बळाने मागे ओढते. २,६०० भागिले २५० म्हणजे सेकंदाला दहा मीटर. वाटेतली गळती वजा केली तरी ताशी २५-३० किलोमीटरने चढ चढण्याइतकी शक्ती या इंजिनात आहे. मग प्रत्यक्षात ती घुर्र करून का थांबते?

कारण तिला एकच गिअर आहे. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ५० गाठायचे, तर इंजिनाचे मिनिटाला ५,००० फेरे चाकापर्यंत येताना साधारण दहा पटींनी घटवावे लागतात. फेरे दहा पटींनी घटले की पीळ, म्हणजे टॉर्क, दहा पटींनी वाढतो. वरच्या चढाला मात्र सुमारे सव्वातेरा पट लागतो. तो कमी पडतो, इंजिनाचे फेरे उतरतात, आपोआप लागणारा क्लच घसरू लागतो आणि त्याचे शू तापून करपतात. तो जळका वास मोपेडवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा.

इलाज साखळीत आहे. मागच्या चक्राचे दात ३६ असतील आणि त्याजागी ४८ दातांचे चक्र बसवले, तर पीळ एक तृतीयांशाने वाढतो आणि दहाचे सुमारे सव्वातेरा होतात. बदल्यात वरचा वेग पन्नासावरून सदतिसावर येतो. बांधावर ताशी पन्नासने जायचे कोणाला? लेथवर करून घेतलेले एक चक्र आणि काही कड्या वाढवलेली साखळी, एवढाच हा खर्च.

पोरांचा पहिला पैसा मात्र आवाजावर जातो, म्हणजे सायलेन्सरवर. त्यामागे एक खरीखुरी, थोडी सिनेमासारखी गोष्ट आहे. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतले अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात टू-स्ट्रोकच्या धुराड्याला फुगीर पोट देण्याचे तंत्र परिपूर्ण केले. टू-स्ट्रोकची खोड अशी की ताज्या मिश्रणाचा काही भाग जळण्याआधीच धुराबरोबर निसटतो. धुराची दाबलहर या पोटाच्या रुंदावणाऱ्या भागातून जाताना मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडर साफ होतो. पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परतणारी लहर निसटलेले मिश्रण पुन्हा आत ढकलते. १९६१ पर्यंत काडेन यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली होती. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला आणि ती विद्या घेऊन सुझुकीत गेला. १९६२ चे ५० सीसीचे जगज्जेतेपद त्याने सुझुकीवर मिळवले. इंजिन लुनाएवढेच!

पण ही लहर वेळेवर परत यायला हवी. तापलेल्या धुरात ती सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते. शर्यतीच्या इंजिनाच्या १०,००० फेऱ्यांना धुराचे दार जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद उघडे असते. तेवढ्यात जाऊन येण्याचे अंतर एका बाजूने ६५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. ५,००० फेऱ्यांच्या मोपेडला हीच लांबी १३० सेंटीमीटर लागेल, जवळजवळ गाडीच्या दोन चाकांमधल्या अंतराएवढी. म्हणून शर्यतीच्या गाडीचा सायलेन्सर मोपेडला लावला तर कान किटतात, चढ चढत नाही. त्यापेक्षा जुना सायलेन्सर काढून त्यात साचलेला काळा कार्बन जाळून झटकला तर गाडी लगेच मोकळा श्वास घेते.

खरा खर्च शॉकअपचा. अर्ध्या मीटरच्या बांधावरून १३० किलो खाली आले आणि स्प्रिंग सहाच सेंटीमीटर दबली, तर सांगाड्यावर सरासरी १,२०० किलो वजनाइतका दणका बसतो. मोटोक्रॉसच्या गाडीचे शॉकअप ३० सेंटीमीटरपर्यंत दबतात. तिथे तोच दणका साडेतीनशे किलोवर येतो. म्हणून भंगारातून मोटरसायकलचे लांब शॉकअप आणून बसवतात. त्यातही गोम आहे. नुसता मागचा भाग उचलला तर पुढचा फोर्क जास्त उभा होतो आणि वेगात हँडल थरथरू लागते. उचलायचे तर पुढचे-मागचे दोन्ही, आणि सारख्या मापाने.

आता खुंट, म्हणजे सांगाडा. लुगडे नेसलेल्या बाईलाही सहज बसता यावे म्हणून मोपेडचा मधला भाग खाली वाकवलेला असतो. सायकलला हँडलपासून सीटपर्यंत आडवी नळी असते, ती इथे नाही. त्यामुळे उडीचा सगळा भार वाकलेल्या एकाच नळीवर येतो. हँडलच्या मानेपासून सीटखालपर्यंत एक नळी वेल्ड केली की त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोण बाजू तुटल्याशिवाय आकार बदलत नाही. पण वेल्डिंगच्या टाक्याशेजारचे लोखंड तापून आपले गुण बदलते. चीर बहुतेक वेळा टाक्यात नाही, त्याच्या कडेला जाते. दर आठवड्याला तिथला चिखल पुसून, बोट फिरवून पाहिले पाहिजे. केसाएवढी रेघ दिसली की गाडी उभी.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा २०२१ च्या अखेरीस उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे भरभरून कौतुक केले. आणि ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, हेही त्याच दमात सांगितले. मोपेडचेही तेच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलापेक्षा वेगळी गाडी करायला मनाई करते, म्हणून असली मोपेड बागेच्या कुंपणाच्या आतच चालवावी, तीही हेल्मेट घालून. ती रस्त्यावर सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.