ताळेबंदांतील रोकड आणि गुंतवणूक



अंकगणिताच्या तासाला एका चुणचुणीत मुलानें मला प्रश्न केला : "सर, कंपनीच्या ताळेबंदांत जो पैसा लिहिलेला असतो, तो सगळा तिजोरींत खरोखर असतो काय?" वर्गांत हंशा पिकला, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. तासाभरांत त्याचें पुरें उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून तें येथें देत आहें.

आपल्या सातारा-सांगली भागास कंपन्या नव्या नाहींत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसवून लोखंडी नांगरांचा कारखाना चालविला. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी व १९३६ सालीं युनायटेड वेस्टर्न बँक स्थापिली. सांगलीस १९१६ सालीं सांगली बँक निघाली. कारखान्याची संपत्ति यंत्रांत व मालांत डोळ्यांना दिसते. विमा कंपनीची व बँकेची संपत्ति मात्र बहुतेक कागदावरच असते : दिलेलीं कर्जें, घेतलेले रोखे आणि थोडी रोकड. म्हणून तिचा हिशेब कसा मांडला आहे, हें पाहणें अधिक अगत्याचें.

प्रथम रोकड घेऊं. तिजोरींतील नोटा व नाणीं रोखपाल रोज सायंकाळीं मोजतो आणि रोकडवहींतील शिलकेशीं ताडून पाहतो. बँकेंतील शिल्लक अशी मोजतां येत नाहीं. कंपनीनें दहा हजारांचा धनादेश दिला व घेणाऱ्यानें तो अद्याप वटविला नाहीं, तर कंपनीच्या वहींत शिल्लक दहा हजारांनीं कमी आणि बँकेच्या वहींत तितकीच जास्त दिसेल. दोन्ही वह्या खऱ्याच. फरक कां पडला, हें ताळमेळाच्या पत्रकांत लिहून दाखवावें लागतें. खरेदीपासून तीन महिन्यांच्या आंत ज्यांची मुदत पुरी होते व ज्यांच्या किंमतींत चढउतार होण्याचें भय नसल्यासारखेंच असतें, अशा ठेवी व हुंड्याही रोकडीबरोबर धरतात. एक वर्षाची ठेव तींत येत नाहीं. तसेंच, भागधारकांस वांटावयाचा पण अद्याप कोणी न नेलेला लाभांश वेगळा दाखवावा लागतो. कारण पैसा आपल्या पेटींत आहे, एवढ्यानेंच तो आपला होत नाहीं.

आतां गुंतवणूक. समजा, कंपनीनें दरसाल शेंकडा ६ व्याजाचा, दहा वर्षें मुदतीचा सरकारी रोखा १०० रुपयांस घेतला. दुसऱ्याच दिवशीं बाजारांतील व्याजाचा दर ८ झाला. आतां ६ रुपये व्याजाचा जुना रोखा १०० रुपयांस कोण घेईल? त्याची किंमत सुमारें ८७ रुपयांवर येईल. मग ताळेबंदांत १०० लिहावे कीं ८७?

उत्तर कंपनीच्या हेतूवर व ऐपतीवर अवलंबून आहे. मुदत संपेपर्यंत रोखा ठेवावयाचा असेल, तर शेवटीं सरकार १०० देणारच. म्हणून तो खरेदीच्या हिशेबानें लिहितात. प्रसंगीं विकावयाचा असेल, तर बाजारभावानें लिहून फरक निराळ्या राखीव खात्यांत टाकतात. केवळ खरेदीविक्रीसाठींच घेतला असेल, तर तो फरक सरळ नफातोट्यांत जातो. आपल्या देशांतील बँकांस रिझर्व बँकेनें १ एप्रिल २०२४ पासून असेच तीन वर्ग घालून दिले आहेत.

पहिल्या वर्गांत एक धोका दडलेला आहे. अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँकेनें सुमारें ९१ अब्ज डॉलरांचे रोखे मुदतीपर्यंत ठेवावयाचे म्हणून लिहिले होते. व्याजाचे दर चढल्यामुळें २०२२ अखेर त्यांची बाजारांतील किंमत सुमारें ७६ अब्ज होती. तो आंकडा लपविलेला नव्हता, टिपेंत छापलेला होता. फार थोड्यांनीं तो वाचला. ९ मार्च २०२३ रोजीं ठेवीदारांनीं एका दिवसांत ४२ अब्ज डॉलर मागितले व दुसऱ्या दिवशीं ती बँक बंद झाली. "मुदतीपर्यंत ठेवूं" असें म्हणणाऱ्याजवळ तोंवर थांबण्याची ऐपत असावी लागते.

साताऱ्यासही असा कठीण प्रसंग आला होता. मात्र त्याचें कारण निराळें होतें. युनायटेड वेस्टर्न बँकेचें भांडवल अपुरें पडलें, म्हणून सप्टेंबर २००६ मध्यें तिच्या व्यवहारांस स्थगिति मिळाली व ठेवीदारांच्या पैसे काढण्यावर मर्यादा आली. पुढें ३ ऑक्टोबर २००६ रोजीं ती आयडीबीआय बँकेंत विलीन झाली आणि ठेवी वांचल्या. मधल्या त्या महिन्यांत किती घरांतील लग्नें, फिया व औषधें यांची चिंता लागली असेल, याची कल्पना करावी. ताळेबंदांतील आंकडे हे अखेर अशा घरांचेच असतात.

त्या मुलास माझें उत्तर असें : नाहीं बाळ, सगळा पैसा तिजोरींत नसतो, आणि नसणें हें पापही नव्हे. परंतु कोणता पैसा आज हातीं आहे, कोणता दुसऱ्याचा आहे, आणि कोणता विकल्यास किती येईल, हें वाचणाऱ्यास स्पष्ट कळलें पाहिजे. ताळेबंद हातीं आला कीं मोठ्या बेरजेवर भुलूं नका. हे तीन प्रश्न विचारा, आणि खालच्या बारीक टिपा आधीं वाचा.