हाडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीचे दोन-दोन कुंभ तोंडाला तोंड लावून पुरलेले आढळले. आत लहान मुलांची हाडे होती.

अशी हाडे वाचायला शिकताना पहिला प्रश्न असतो, ही माणसाचीच आहेत का? शेळी-मेंढीच्या हाडांचे तुकडे लहान मुलाच्या हाडांसारखे वाटू शकतात. दुसरा प्रश्न, किती जणांची? मांडीची दोन डावी हाडे सापडली, तर माणसे किमान दोन.

त्यानंतर वय. मुलांचे वय दातांवरून बऱ्यापैकी कळते. कायमची पहिली दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. गळ्याखालच्या आडव्या हाडाचे छातीकडचे टोक मात्र पंचविशीच्या आसपास पूर्ण जुळते. प्रौढ व्यक्ती स्त्री की पुरुष, हे ओळखायला कमरेचे हाड सर्वांत भरवशाचे. बालपणी मोठे आजारपण किंवा उपासमार झाली असेल, तर दातांवर आडव्या रेघा राहतात; पण आजार कोणता, हे रेघ सांगत नाही.

कुंभातले बाळ मुलगा होते की मुलगी, हेही नुसती हाडे पाहून सांगता येत नाही. तो फरक वयात येताना उमटतो. इनामगावातील अनेक प्रौढांचे सांगाडे पावलांविना पुरलेले होते. पावले नाहीत, हे हाडे सांगतात. मृताने परत चालत येऊ नये म्हणून ती तोडली असावीत, हा अभ्यासकांचा तर्क आहे.

हा फरक आजही महत्त्वाचा आहे. बेवारस सांगाडा सापडला की पोलिसांच्या विनंतीवरून न्यायवैद्यक तज्ज्ञ याच पायऱ्यांनी जातात. अपुऱ्या तुकड्यावरून घाईने ‘पुरुष’ असे लिहिले गेले, तर बेपत्ता स्त्रियांची यादी कोणी उघडतच नाही, आणि एखादे घर वाट पाहत राहते. म्हणून चांगला अभ्यासक वय एका आकड्यात न सांगता ‘तीस ते चाळीस’ असे सांगतो. पुरावा नसेल तेथे ‘सांगता येत नाही’ असे लिहितो. हाडांच्या अभ्यासात हेही उत्तरच असते.