नवी भिंत आणि तिची परीक्षा

आम्ही वारज्यांत रहावयास आलों तेव्हां घरासभोंवतीं शेतें होतीं. १९९७ सालीं गांव पुणें महानगरपालिकेंत आलें आणि शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतींत आमचे शेजारी घर घेण्याच्या विचारांत आहेत. तेथील भिंती विटांच्या नसून पोकळ, तयार फळ्यांच्या आहेत. शंका विचारतांच विकणाऱ्यानें कागद पुढें केला, "सरकारमान्य आहे, काळजी नको!" कागद पाहतों तों महानगरपालिकेनें नकाशास दिलेली परवानगी!

नकाशाची मंजुरी म्हणजे मालाची परीक्षा नव्हे, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. परिचित मालाचीं लक्षणें भारतीय मानक ब्यूरोनें लिहून ठेविलीं आहेत. साधी भाजलेली वीट चोवीस तास पाण्यांत बुडवून तोलतात. सामान्य प्रतीच्या विटेनें आपल्या वजनाच्या शेंकडा २० हून अधिक पाणी शोषूं नये, असा दंडक आहे. परंतु ज्या मालाचें मानकच अद्याप झालें नाहीं, त्याचें काय? उद्देश, लक्षण आणि परीक्षा हा न्यायशास्त्राचा क्रम. लक्षणावांचून परीक्षा व्हावी कशी?

ही अडचण दूर करण्याचें काम केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याखालील, १९९० सालीं स्थापन झालेली 'बिल्डिंग मटेरियल्स अँड टेक्नॉलॉजी प्रमोशन कौन्सिल' करते. कारखानदारानें स्वेच्छेनें अर्ज करावयाचा. मग अधिकारी कारखाना पाहतात, नमुने प्रयोगशाळेंत तपासले जातात, तज्ज्ञांची समिति अहवाल छानते आणि नंतरच प्रमाणपत्र मिळतें. तें मुदतीचें असतें व माल कोठें, कसा वापरावा याच्या अटी त्यांत नमूद असतात.

या अटींतच खरें मर्म आहे. मुंबईच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सनें खतनिर्मितींत उरणाऱ्या जिप्समपासून कांचतंतु घातलेल्या पोकळ भिंती तयार केल्या. मद्रासच्या आय. आय. टी.नें त्यांवर पुष्कळ प्रयोग केले. पोकळींत काँक्रीट व सळया भरल्या तर अशी भिंत मजल्यांचा भार पेलते. एकच वस्तु, परंतु रिकामी निराळी आणि भरलेली निराळी!

मुठेकांठच्या माणसांना हें अधिक सांगणें नलगे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें. त्याच्या पोटांतील पाणी सोडण्याच्या मार्गाचें काँक्रीट बिनसळईचें होतें. वरून मातीचा बांध होता.

शेजाऱ्यांना आम्हीं एवढेंच सुचविलें: फळीच्या कारखान्याचें नांव, प्रमाणपत्राचा क्रमांक व मुदत, आणि अटींचें पान मागावें. त्यांनीं तसें लेखी मागितलें. कागद अद्याप आला नाहीं. बयाणाही अद्याप दिलेला नाहीं.