दोन तोंडांचा गैरसमज

मांडुळाला दोन तोंडे असतात, ते सहा महिने एका बाजूने व सहा महिने दुसऱ्या बाजूने चालते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. असाच समज दूर दक्षिण अमेरिकेतही आहे. तेथील 'ॲम्फिस्बीना आल्बा' या प्राण्याला ब्राझीलचे लोक 'दोन डोक्यांचा साप' म्हणतात. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ साली त्याची नोंद केली. 'ॲम्फिस्बीना' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'दोन्हीकडे जाणारा' असा आहे.

वास्तविक हा प्राणी साप नव्हे आणि गांडूळही नव्हे. त्याला पाठीचा कणा असतो. तो बिनपायाच्या, जमिनीखाली राहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका वेगळ्या गटातील आहे. या गटात सुमारे २०० जाती असून भारतात त्यांपैकी एकही आढळत नाही. आल्बा अडीच फुटांपर्यंत वाढतो. अंगावर गांडुळासारखी वलये असतात. डोळे खवल्याखाली झाकलेले व कानाची छिद्रे नाहीत. टणक कवटीने माती दाबत तो बीळ करतो. कातडी आतील स्नायूंवर सैल असल्याने ती आखडून-पसरून तो पुढे सरकतो आणि तसाच मागेही जातो. भुंगेरे, मुंग्या, वाळवी हे त्याचे खाद्य. पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या वारुळांतही तो सापडतो.

मग दोन तोंडांचे रहस्य काय? त्याची शेपटी आखूड, बोथट व डोक्याएवढीच जाड असते. संकट आले की तो डोके व शेपटी दोन्ही उचलतो. शत्रू गोंधळतो. शेपटीवर हल्ला झाला तर डोके वाचते, आणि त्याचे जबडे बळकट असतात.

आपले मांडूळ मात्र खरोखर साप आहे, तोही बिनविषारी. त्याचीही शेपटी बोथट, म्हणून समज तोच. हा समज निरुपद्रवी असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. मांडूळ घरात ठेवल्यास धनलाभ होतो, गुप्तधन सापडते, अशा थापांना बळी पडून लोक पैसा घालवतात आणि उंदीर खाऊन शेतकऱ्याला साह्य करणारा जीव हकनाक मरतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मांडूळ पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, शेपटीला तोंड समजणे ही चूक शत्रूने करावी, म्हणून निसर्गाने ती योजना केली. ती चूक आपण करू नये, एवढेच सांगणे.