वस्तीवरच्या मुरमाच्या रस्त्याची निगा

डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंतचा मुरमाचा रस्ता बहुतेक शेतकरी पदरमोड करून तयार करतात. एक-दोन पावसाळे तो चांगला राहतो. त्यानंतर चाकोऱ्या पडतात, खड्ड्यांत पाणी साचते आणि दुधाची गाडी वस्तीपर्यंत येईनाशी होते. भरलेले टोमॅटोचे क्रेट घरीच अडकतात. घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल, तर हाल विचारायलाच नकोत. अशा वेळी दोन ट्रॉल्या मुरूम ओतून आपण मोकळे होतो. परंतु पुढच्या पावसात रस्ता पुन्हा जैसे थे! कारण रस्ता बहुधा मुरूम कमी पडल्याने नव्हे, तर पाणी मुरल्याने बिघडतो. म्हणून आधी पाणी काढावे, मग मुरूम टाकावा.

रस्ता का बिघडतो?

काळी माती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसून भेगाळते. ओलेपणी तिला भार पेलवत नाही. खालची माती भिजली, की चाकाखाली मुरूम खचतो आणि चिखल वर येतो.

उतार आणि चर

१० फूट रुंद रस्त्याचा मध्य कडांपेक्षा अडीच ते तीन इंच उंच असावा. दोन्ही कडांना ३ इंच जाडीची वीट आडवी ठेवून त्यांवरून दोरी ताणावी. दोरी मध्यावर जवळजवळ टेकली, तर उतार ठीक आहे असे समजावे. कडेला गवत व माती साचून बांध तयार होतो आणि पाणी रस्त्यावरच अडते. हा बांध फावड्याने काढून टाकावा. दोन्ही बाजूंना एक ते दीड फूट खोल चर घेऊन तो ओघळीपर्यंत न्यावा; शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडू नये. पाण्याचा पाट रस्ता ओलांडत असेल, तर तेथे सिमेंटचा पाईप टाकावा.

खड्डे बुजविणे

खड्ड्यातील पाणी व चिखल पूर्ण काढावा. कडा उभ्या तासून घ्याव्यात. दोन-तीन इंचांच्या थरांनी मुरूम भरून, पाणी शिंपडून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. काळी माती किंवा रानातले गोल गोटे टाकू नयेत. माती चिखल करते, तर गोटे चाकाखालून निसटतात.

नवीन थर देताना

मुरूम कठीण, पण थोडी चिकण असलेला निवडावा. ओलसर मुरूम मुठीत दाबला असता त्याचा गोळा टिकावा, पण तळहाताला फारसा चिकटू नये. ३०० फूट लांब व १० फूट रुंद रस्त्यावर ३ इंचांचा सैल थर देण्यास ७५० घनफूट, म्हणजे साडेसात ब्रास मुरूम लागतो. टाकण्यापूर्वी जुना पृष्ठभाग कुदळीने खरवडावा, म्हणजे नवा थर धरून राहतो. मुरूम पसरून, पाणी मारून रोलर फिरवावा. रोलर न मिळाल्यास भरलेली ट्रॉली दर खेपेस चाकांची जागा बदलत फिरवावी. मुरूम हे गौण खनिज असल्याने खोदण्यापूर्वी तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी करावी.

केव्हा काय करावे?

मे महिन्यात चर व पाईप साफ करावेत. पहिल्या मोठ्या पावसात फावडे घेऊन रस्त्यावर एक फेरी मारावी. पाणी कोठे अडते ते तेव्हाच नेमके दिसते. पावसाच्या झडीत जड वाहने शक्यतो आणू नयेत. पाऊस संपल्यावर, रस्त्यात ओल असतानाच चाकोऱ्या व खड्डे बुजवावेत, म्हणजे उसाची वाहतूक सुरू होण्यापूर्वी रस्ता घट्ट बसतो.

शेतकरी बंधूंनो, खर्च करण्याआधी यंदा चर मोकळे करून पाहा. मुरूम किती लागेल, हे त्यानंतरच ठरवा.