कर नाही त्याला डर कशाला? आणि असेच काही समज

‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेल्या माणसाच्या तोंडी जास्त ऐकू येते. सरकारच्या अधिकारांना मर्यादा हवी असं म्हटलं, की ती हटकून निघते आणि तिच्या मागोमाग आणखी चार-पाच ठरलेली वाक्यं येतात. ऐकायला ती समंजस वाटतात. घटनेशी आणि गेल्या पाऊणशे वर्षांतल्या खटल्यांशी ताडून पाहिलं, तर त्यांतलं फारसं काही उरत नाही.

गैरसमज : गुन्हाच केला नसेल, तर सरकारी अधिकाराची भीती कशाला?

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर थोडं लिहिलं, दुसरीने ते ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ होतं. त्यानुसार एखाद्याला त्रास किंवा गैरसोय होईल असा मजकूर पाठवणं हाही गुन्हा ठरू शकत होता आणि शिक्षा होती तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला झाला, किती झाला, हे ठाण्यातल्या अधिकाऱ्याने ठरवायचं. देशभर ओरड झाली, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला गुंडाळला गेला. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. गंमत त्यानंतरची आहे. रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, इतकं की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टालाच त्याबद्दल धक्का व्यक्त करावा लागला.

त्या दोघींनी काही वावगं केलं नव्हतं. पण वावगं कशाला म्हणायचं हे ठरवण्याचा अधिकार मोकाट सुटला होता, आणि अशा वेळी निर्दोष असण्याचा रात्रीपुरता तरी काही उपयोग होत नाही.

म्हणून राज्यघटनेच्या २२व्या कलमात बंधनं आहेत. अटकेचं कारण सांगायचं, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. जोगिंदर कुमार खटल्यात (१९९४) सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि अटकेची गरज असणं वेगळं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करायची नाही, केली तर का केली ते लिहून ठेवायचं, हे २०१४ च्या अर्णेश कुमार निकालाने बजावलं. हे लाड गुन्हेगारांचे, अशी कुरकुर नेहमी होते. पण अटक होते त्या घटकेला गुन्हेगार कोण हे ठरलेलंच नसतं. आपल्या तुरुंगांत साधारण दर चार माणसांमागे तीन कच्चे कैदी असतात. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे, आणि शिक्षा मात्र त्यांनी भोगायला सुरुवात केली आहे.

गैरसमज : हक्क सरकार देतं, म्हणून वेळ पडली तर सरकार ते काढून घेऊ शकतं.

या प्रश्नाचा निकाल एकदा लागला होता, आणि तो चुकीचा लागला होता.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली हजारो माणसं स्थानबद्ध झाली आणि त्यांनी मूलभूत हक्कांसाठी कोर्टाची पायरी चढू नये असा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. तरीही नऊ हायकोर्टांनी दार पूर्ण लावलं नाही. मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ त्यांत होतं. स्थानबद्धतेचा आदेश निदान कायद्याला धरून आहे का, एवढं तरी आम्ही तपासू, असं त्यांचं म्हणणं. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खाजगी वैरातून कुणाला ठार केलं, तर तुमच्या म्हणण्याप्रमाणे त्यावर काही इलाज आहे का? आणीबाणी आहे तोवर नाही, असं उत्तर आलं.

२८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने सरकार जिंकलं. हा जबलपूर खटला. विरोधातला एकटा आवाज खन्नांचा होता. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क घटनेने दान दिलेला नाही, घटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या आधाराशिवाय कुणाला कोंडण्याची मुभा राज्यसत्तेला नव्हती, असा त्यांच्या मताचा गाभा. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं गेलं. खन्नांनी राजीनामा दिला.

चूक दुरुस्त व्हायला दोन टप्पे लागले. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ठरवलं, की आणीबाणीतही कलम २० आणि २१ साठी कोर्टात जाण्याची वाट बंद करता येणार नाही. ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणाच्या जागी ‘सशस्त्र बंड’ आलं, आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही असंही ठरलं. दुसरा टप्पा २४ ऑगस्ट २०१७ चा. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं आणि जबलपूर निकाल मोडीत काढला. तो मोडीत काढणारं निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. १९७६ च्या बहुमतातल्या चौघांपैकी एक होते त्यांचे वडील, न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. कादंबरीत हे घातलं असतं तर संपादकाने अतिरंजित म्हणून कापलं असतं.

आणीबाणीच्या काळातली मुंबई हायकोर्टाची कामगिरी आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. मुंबईच्या जिना हॉलमध्ये वकिलांची एक बंद दाराआडची परिषद भरणार होती. विषय होता नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य, वक्ते होते एम. सी. छागला आणि माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि बंदीचा हुकूम टिकला नाही. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा मसानीही याच कोर्टात गेले आणि जिंकले. सरकारवर टीका करणं आणि सरकार उलथवायला चिथावणं यांत फरक आहे, हे न्यायमूर्तींनी ऐन आणीबाणीत लिहून ठेवलं.

गैरसमज : मर्यादा वाईट सरकारला हव्यात. आपली माणसं सत्तेत असली की त्यांची गरज नाही.

१९५० मध्ये दिल्लीत बसलेली माणसं खरोखरच आपली होती. त्यांतल्या कित्येकांनी ब्रिटिशांच्या तुरुंगात वर्षं घालवली होती. घटना अमलात येऊन महिना उलटतो न उलटतो तोच याच मंडळींनी खटल्याशिवाय माणसाला कोंडण्याचा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा संमत केला. कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी त्याला आव्हान दिलं, आणि कायदा बहुतांशी टिकला. १९५० च्याच मे महिन्यात एकाच दिवशी सुप्रीम कोर्टाने वृत्तपत्रांवरच्या निर्बंधांविरुद्ध दोन निकाल दिले. एक डाव्या विचाराच्या ‘क्रॉसरोड्स’च्या बाजूने, दुसरा संघाशी जवळीक असलेल्या ‘ऑर्गनायझर’च्या बाजूने. वर्षभरात पहिली घटनादुरुस्ती करून अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची यादी वाढवली गेली. ते निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत ही अट त्याच दुरुस्तीने आणली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पुढे कोर्टांना तीच कामी आली.

माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका खटला मनेका गांधींचा. आणीबाणी लादणाऱ्या पंतप्रधानांची ही सून. जुलै १९७७ मध्ये जनता सरकारने, म्हणजे आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांच्या सरकारने, त्यांचा पासपोर्ट जप्त केला आणि जनहितासाठी कारण सांगता येत नाही असं कळवलं. त्यातून २५ जानेवारी १९७८ चा निकाल आला. स्वातंत्र्य हिरावून घेणारी पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, वाजवी आणि मनमानीपासून मुक्त असली पाहिजे, हा आजच्या सगळ्या नागरी हक्कांचा पाया तिथे घातला गेला. आज एखादा झोपडीवाला किंवा कच्चा कैदी त्या निकालाचा आधार घेतो, तेव्हा मुळात दाद कुणी मागितली होती हे त्याला माहीत असण्याचं कारणही नाही.

सत्ता बदलते, कायदे तिथेच राहतात. स्थानबद्धतेचंच बघा. राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा ‘एमपीडीए’ १९८१ चा. त्यानंतर इथे जवळजवळ प्रत्येक मोठा पक्ष सत्तेत येऊन गेला.

गैरसमज : व्यक्तिस्वातंत्र्य हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे.

यावर फार वेळ घालवायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आगरकरांनी ‘सुधारक’मधून व्यक्तीच्या विचाराला रूढीपासून सोडवण्याचा प्रयत्न केला. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुढे संविधान सभेत याच आंबेडकरांनी घटनेच्या मसुद्यात गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. गावकुसाबाहेर ज्यांना राहावं लागलं, त्यांना यातला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

गैरसमज : मालमत्तेचं आणि व्यापाराचं स्वातंत्र्य ही श्रीमंतांची चैन आहे.

मुळशीच्या मावळ्यांकडे कुठली चैन होती? टाटांच्या वीज प्रकल्पाच्या धरणासाठी त्यांची भातशेती जाणार होती. सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता आणि एका कंपनीसाठी तो वापरला गेला. १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट त्याचं नेतृत्व करत तुरुंगात गेले, आणि शेवटी धरण झालं ते झालंच. तो इंग्रजी कायदा स्वतंत्र भारताने थोड्याफार दुरुस्त्या करून २०१३ पर्यंत वापरला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती हवी, ही अट त्या वर्षीच्या नव्या कायद्याने आणली. मुळशीनंतर ९२ वर्षांनी.

दुसरी बाजूही आहे. जमीनदारी मोडायची होती आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क त्या वाटेत आडवा येत होता, हे खरं. म्हणून १९५१ मध्ये कोर्टांना सहजी हात लावता येऊ नये असं नववं परिशिष्ट आलं. त्यात सुरुवातीला १३ कायदे होते, आज २८४ आहेत. जमीनदारी तर केव्हाच संपली. ४४व्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून कलम ३००अ मध्ये ठेवला, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही एवढंच संरक्षण उरलं. ज्या दुरुस्तीने जीविताचा हक्क पक्का केला, तिनेच हा हक्क पातळ केला. यातून जमीनदारांचं काय गेलं हा इतिहासाचा विषय झाला. महामार्गाच्या कडेला तीन एकर असलेल्या शेतकऱ्याचं काय गेलं, हा आजचा आहे.

शेतमालाचंही तसंच. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याचं भलं करण्यासाठीच ती आणली होती. पण विदर्भातल्या शेतकऱ्याला सीमेपलीकडे चांगला भाव दिसत असला, तरी आपलाच कापूस तिकडे नेऊन विकण्याची त्याला बंदी होती. शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने हाच मुद्दा लावून धरला, की सवलती नकोत, बाजारात जाण्याची मोकळीक द्या. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका अधिसूचनेने बंद झाली आणि मे २०२४ पर्यंत बंद राहिली, तेव्हा लासलगावच्या बाजारात ते जुनं वाक्य पुन्हा ताजं झालं. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा ही इच्छा समजण्यासारखी आहे. मात्र तिचं बिल नाशिकच्या शेतकऱ्याने एकट्याने का भरावं, याचं कारण अधिसूचनेत कधीच नसतं.

गैरसमज : मर्यादित सरकार म्हणजे दुबळं सरकार.

जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाला विचारा. गावात किराणा मिळत नाही, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. त्याला सरकार हवंच असतं आणि ते खमकं हवं असतं. सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा व्यक्तिस्वातंत्र्याचाच कायदा आहे. व्यक्तीला धोका राज्यसत्तेकडून असतो तसा जमातीकडूनही असतो, आणि दुसऱ्या धोक्यापासून वाचवायला राज्यसत्ता लागते. कलम १९ मधली स्वातंत्र्यंही बेलगाम नाहीत. बदनामी, चिथावणी, कोर्टाचा अवमान यांवर निर्बंध आहेतच.

मर्यादेचा संबंध ताकदीपेक्षा पद्धतीशी जास्त आहे. बेकायदा बांधकाम पाडण्याची ताकद पालिकेकडे पहिल्यापासून आहे. आरोपीचं घर आरोपाच्या दुसऱ्या दिवशी पाडलं जाऊ लागलं, तेव्हा १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ती ताकद काढून घेतली नाही. किमान १५ दिवसांची नोटीस द्या, म्हणणं ऐका, सकारण आदेश काढा, पाडकामाचं चित्रीकरण करा, असं सांगितलं. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला नुकसान स्वतःच्या खिशातून भरावं लागेल, हेही सांगितलं.

पद्धतीचा हा आधार तुम्हा-आम्हालाही घेता येतो. चौकशीला बोलावणं आलं तर लेखी नोटीस मागता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये तशी तरतूद आहे, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची झाल्यास त्याची कारणं पोलिसांनी नोंदवायची असतात. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतला कुणीही माणूस यांना १९८७ च्या कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. खटला सरकारविरुद्ध असला तरीही.